राऊटरच्या खोक्यावर एक्सपायरी का नाही, आणि तो माळ्यावर कोणी ठेवला?



या पानावर मी चिकूची फळगळ, ढोबळी मिरचीवरचे थ्रिप्स, ठिबकच्या नळ्यांतला क्षार असलं लिहितो. आज वाय-फायच्या डब्यावर लिहितोय. ज्यांना वाटतं हा शेतीचा विषय नाही, त्यांनी ऑक्टोबरातल्या दुपारी दोन वाजता एखाद्या शेडनेटमध्ये उभं राहून बघावं. पोस्ट लांब आहे, सावकाश वाचा.

"काका, कुठला राऊटर घेऊ?" असे फोन मला हल्ली बरेच येतात. वरोर, वाढवण, चिंचणीकडून येतात, वाणगावच्या पलीकडूनही येतात. विचारणाऱ्याने आधीच दुकानात जाऊन सहा अँटेनाचा, कोळ्यासारखा दिसणारा डबा बघून ठेवलेला असतो आणि त्याला माझ्याकडून फक्त "घे" ऐकायचं असतं. मी म्हणतो, आहे तो कुठे ठेवलाय ते आधी सांग. यावर बहुतेक जण गप्प होतात, कारण तो माळ्यावर असतो, पत्र्याखाली, इन्व्हर्टरच्या बाजूला. लाईन टाकायला आलेल्या पोराने ठेवला, कारण वायर तिथून आत येते आणि त्याला पुढच्या घरी जायची घाई होती. त्या पोराला मी दोष देत नाही, त्याला कोणी शिकवलंच नाही. पण घर आपलं आहे, वायर चार मीटर जास्त लागली असती तर काय बिघडलं असतं?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे भांडायचं असेल त्याला सोपं जाईल. आपल्या भागात खराब झाले म्हणून फेकलेले निम्मेअधिक राऊटर खराब नसतात असं माझं मत आहे. ते भाजलेले असतात, नाहीतर त्यांचा अडॅप्टर मेलेला असतो, नाहीतर त्यांच्या आतला प्रोग्राम जुना झालेला असतो. आणि या तिन्ही गोष्टी खोक्यावर लिहिलेल्या नसतात म्हणून आपण पुन्हा नवीन खोकं विकत घेतो.

आता यात शेतीचं काय ते सांगतो. शेजारच्या पाड्यात एका बागायतदाराने मिरचीच्या रोपांसाठी फॉगर बसवला, आर्द्रतेवर आपोआप चालणारा, फोनवर दिसणारा. सल्ला देणाऱ्याने चांगला सल्ला दिला, बसवणाऱ्याने नीट बसवला. पण तो कंट्रोलर घरच्या वाय-फायवर, आणि घरचं वाय-फाय माळ्यावर. ऑक्टोबरातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. पाऊस गेलेला, वारा पडलेला, पत्रा तापलेला. ज्या तासाला रोपांना फॉगर पाहिजे त्याच तासाला माळ्यावरचा डबा तापून लटकतो. हा योगायोग नाही, दोघांना एकच ऊन लागतं. तीन दुपारी फॉगर चालला नाही, चौथ्या दिवशी कोकोपीटच्या ट्रेमधली रोपं माना टाकून बसली होती. काही सावरली, बरीचशी नाही. दुकानदार म्हणाला, "राऊटर जुना झालाय, नवा घ्या." त्याने घेतला. नवासुद्धा माळ्यावरच ठेवला.

मी त्यांच्याकडे माझ्या शेडनेटमधला डिजिटल थर्मामीटर घेऊन गेलो. दुपारी अडीचला माळ्यावर, डब्यापासून हातभर लांब, ४४ अंश. खाली ओटीवर ३४. आता राऊटरबरोबर येणारं ते पातळ कागदाचं पुस्तक उघडा, जे आपण कोणी वाचत नाही. घरगुती डब्यांपैकी बहुतेकांत लिहिलेलं असतं की चालण्याचं तापमान ० ते ४० अंश. हे ४० म्हणजे डब्याच्या भोवतालच्या हवेचं, आतल्या चिपचं नव्हे. म्हणजे कंपनीने आधीच हात वर केले आहेत. आपला किनारा समुद्रामुळे विदर्भासारखा तापत नाही हे खरं, पण घराबाहेरचं तापमान आणि पत्र्याखालचं तापमान यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हवामानाच्या बातम्यांत सांगतात तो आकडा माळ्याला लागू नाही.

हा डबा तापतो का? अडॅप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे जास्तीत जास्त १२ वॅट. त्यातली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ज्यांनी कोंबड्या पाळल्यात त्यांना सांगायला नको, खोक्यात एक छोटा बल्ब लावला की पिल्लांना रात्रभर ऊब पुरते. राऊटर म्हणजे तसंच, खोक्यात लावलेला बल्ब, चोवीस तास. त्याला हवा पाहिजे. खालच्या बाजूला आणि कडेला ज्या फटी असतात त्या नक्षी नाहीत. थंड हवा खालून आत येते, गरम वरून बाहेर जाते. आपण काय करतो, तो टीव्हीच्या मागे सेट-टॉप बॉक्सवर ठेवतो, त्याच्यावर फायबरचा दुसरा डबा ठेवतो, आणि धूळ नको म्हणून वर हातविणीचा रुमाल घालतो. रुमाल सुंदर असतो, ते मान्य.

ताप वाढला की चिप आधी वेग कमी करते, मग लटकते, मग आपण बटण बंद-चालू करतो आणि "झालं बघ" म्हणतो. झालं काहीच नाही. दोन मिनिटं बंद राहिला, थोडा गार झाला, तासाभराने पुन्हा तेच. आणि यात दरवेळी आतल्या भागांचं आयुष्य कमी होतं. आत कपॅसिटर नावाचे छोटे डबे असतात, त्यांत पातळ रसायन असतं. इलेक्ट्रॉनिक्सवाले ढोबळ हिशोब असा सांगतात की दर १० अंश तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ओटीवर सहा वर्षं चालला असता तो माळ्यावर तीन वर्षांत जातो.

सगळ्यात आधी कोण मरतो माहीत आहे का? अडॅप्टर. तोही बंद प्लास्टिकचा डबा, भिंतीला चिकटून, आणि आपल्याकडे व्होल्टेज वरखाली. आतले कपॅसिटर सुकले की तो १२ च्या जागी ९-१० व्होल्ट देतो, दिवे लागतात पण जोर आला की राऊटर स्वतःच रीस्टार्ट होतो. माणूस राऊटर फेकून देतो आणि अडॅप्टर दुसऱ्या कशालातरी वापरत बसतो. आपल्या प्रत्येकाकडे मोटरच्या स्टार्टरसाठी मल्टीमीटर असतो. राऊटर चालू असताना व्होल्ट बघा, नुसत्या मोकळ्या पिनवर बघू नका, मोकळा तो बरोबरच दाखवतो. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि पिनचं प्लस-मायनस जुळलं पाहिजे. त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि "आर" ने सुरू होणारा नोंदणी नंबर बघा, तो बीआयएस केअर नावाच्या अॅपवर तपासता येतो. फूटपाथवरचा ऐंशी रुपयांचा घेऊन दोन हजारांचा डबा जाळू नका.

आता दुखणं ओळखायचं कसं? पंपाचे तास लिहायला वही ठेवता ना, त्यातच आठ दिवस लिहा, नेट किती वाजता गेलं आणि तेव्हा काय चालू होतं. रोज दुपारी बारा-एक ते चार या वेळात जात असेल आणि पावसाळी दिवशी जात नसेल तर ताप आहे, जागा बदला. मोटर चालू झाली की राऊटरचे दिवे विझून पुन्हा लागत असतील तर व्होल्टेज आहे, अडॅप्टर बघा आणि जमलं तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. संध्याकाळी सात ते दहा हळू आणि पहाटे एकदम मस्त असेल तर लाईनवर गर्दी आहे, राऊटर बदलून काडीचा फरक पडणार नाही, नेटवाल्याशी भांडा. चार-सहा दिवसांनी केव्हाही, थंडीतसुद्धा, लटकत असेल तर आतल्या प्रोग्रामचा दोष असण्याची शक्यता जास्त. आणि लाल दिवा लागला असेल, फायबरच्या डब्यावर "लॉस" लिहिलेला, तर बाहेर केबल तुटली आहे किंवा उंदराने खाल्ली आहे. त्याला राऊटर तरी काय करणार? कीड बघितल्याशिवाय फवारणी करणाऱ्याला आपण काय म्हणतो ते आठवा.

जागा कुठली? घराच्या मध्याकडे, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या फळीवर, सगळ्या बाजूंनी वीतभर जागा सोडून, ऊन न येणाऱ्या भिंतीला. स्वयंपाकघरात नको, तेलकट वाफ फटी बुजवते. भिंतीवर टांगला तरी चालतो, उलट हवा बरी खेळते. महिन्यातून एकदा बंद करून रंगाच्या कोरड्या ब्रशने धूळ काढा. मुंग्या आणि पालीची पिल्लं उबेला आत शिरतात, पाल चिकटून अख्खा डबा गेलेला मी बघितलाय, तर टांगताना वायरची भोकं मोठी ठेवू नका.

काही जण छोटा पंखा लावतात, कॉम्प्युटरचा. डोंगरपट्ट्यात, तलासरी-कोसबाडकडे लावा हवं तर. आपण खाऱ्या वाऱ्यावर राहतो. खिडकीचे गज किती वर्षांत गंजतात ते बघा आणि मग ठरवा की तीच हवा जोर लावून डब्यात ओढायची का. माझ्या मते समुद्रापासून मैलभरात पंखा नकोच. जागा बरोबर असेल तर लागत नाही. आणि ओला फडका टाकणारे पण भेटलेत मला, त्यांच्याबद्दल लिहीत नाही.

शेतातली गोष्ट वेगळी आणि तिथे तर आपण कहर करतो. मोटरच्या स्टार्टरची लोखंडी पेटी रिकामी आहे म्हणून राऊटर तिच्यात. लोखंडी पेटी उन्हात भट्टी होते हे एक, आणि लोखंडातून वाय-फाय बाहेर जातच नाही हे दुसरं. मग रेंज येत नाही म्हणून मोठा राऊटर आणायचा आणि तोही पेटीत. प्लास्टिकची पेटी घ्या, खाली आणि कडेला जाळी लावून भोकं पाडा, वर छप्पर करा, पेटी झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत लावा. काम एका दुपारचं आहे.

आता त्या सहा अँटेनांकडे येतो. अँटेना जास्त म्हणून लांब जातो हा समज दुकानदारांनी पसरवलाय. हवेत किती ताकदीने बोलायचं याला सरकारी मर्यादा आहे, दोन अँटेनाच्या डब्याला आणि सहाच्याही. शिवाय राऊटर कितीही ओरडला तरी तुमच्या फोनचा बारीक आवाज परत त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे. खोक्यावर "एसी १२००" लिहितात ते काय? २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ एमबीपीएस यांची बेरीज करून वर गोल केलेला आकडा. दोन्हीही कागदावरचे, प्रयोगशाळेतले. एकरी इतके टन येतील असं बियाण्याच्या जाहिरातीत लिहितात त्यातलाच प्रकार. तुमचा प्लॅन ५० किंवा १०० एमबीपीएसचा असेल तर तुम्हाला १२०० कुठून मिळणार? उलट एक गोष्ट कोणी बघत नाही. स्वस्त डब्यांच्या मागची केबलची भोकं १०० एमबीपीएसचीच असतात. प्लॅन १०० च्या वरचा असेल तर गिगाबिट पोर्ट आहे का ते विचारा, दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

२.४ आणि ५ यांतला फरक शेतकऱ्याने समजून घ्यायलाच पाहिजे. ५ वेगवान पण भिंतीला लवकर हरतो. २.४ हळू पण भिंतीतून, दारातून बऱ्यापैकी जातो. बहुतेक स्वस्त सेन्सर, कंट्रोलर, शेतातले कॅमेरे फक्त २.४ वर चालतात. नव्या राऊटरात दोन्हींना एकच नाव देण्याची सोय चालू असते, त्यामुळे यंत्र जोडताना गोंधळ होतो आणि बसवायला आलेला माणूस दोन तास डोकं खाजवतो. सेटिंगमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं द्या, काम होतं. २.४ ला चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्याचा नसेल तो ठेवा.

आणि चिकूच्या वाडीतून वाय-फाय पलीकडे न्यायची स्वप्नं बघू नका. पानांत पाणी असतं आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. सागाच्या पलीकडे निदान पानगळीत थोडं जाईल असं वाटतं, आपला चिकू बारमाही हिरवा. घरापासून शेडनेटपर्यंत केबल टाका. तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यापुढे फायबर. किंवा दोन टोकांना समोरासमोर तोंड करून लावायची बाहेरची यंत्रं मिळतात, पण मध्ये झाड येता कामा नये. तांब्याची केबल बाहेरून नेलीत तर वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की दोन्ही टोकं काढून ठेवा.

आता माझा खरा राग, फर्मवेअर. हा शब्द ऐकला की लोक पान उलटतात. राऊटर म्हणजे छोटा कॉम्प्युटर आहे आणि त्याच्या आतला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. त्यात चुका सापडतात, कंपनी दुरुस्ती काढते, ती आपल्याला टाकून घ्यावी लागते. काही वर्षांनी कंपनी म्हणते या मॉडेलला आता दुरुस्ती मिळणार नाही. डबा चालू असतो, दिवे लागलेले असतात, पण दाराची कडी सडलेली असते. आणि ती तारीख आपल्याला कोणी सांगत नाही.

जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे हजारो मोडेम एका व्हायरसने बंद पडले होते. कारण साधं होतं, कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ ला, मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे राऊटर आणि कॅमेरे असेच तयार पासवर्ड लावून ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाईट पाडल्या. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचं प्रकरण झालं, ५४ देशांत किमान ५ लाख यंत्रं, आणि अमेरिकेच्या एफबीआयला लोकांना सांगावं लागलं की घरचे राऊटर रीस्टार्ट करा. मे २०२५ मध्ये त्याच एफबीआयने मुदत संपलेले जुने राऊटर चोर वापरत आहेत असा इशारा दिला. तुम्ही म्हणाल वरोरच्या शेतकऱ्याच्या राऊटरमध्ये चोराला काय मिळणार? चोराला तुमची मिरची नकोच. त्याला तुमचा पत्ता पाहिजे, दुसरीकडे चोरी करताना दाखवायला. आणि राऊटरातली पत्ते शोधण्याची सेटिंग बदलली तर तुम्हाला बँकेच्या खऱ्या पानाऐवजी खोट्या पानावर नेण्याचा प्रयत्नही करता येतो. पीक कर्ज, विमा, महाडीबीटी, फार्मर आयडी, ई-पीक पाहणी, सगळं आपण याच डब्यातून करतो. गावातले डायमेकर आपली डिझाइनं यातूनच पाठवतात. बंदराच्या बाजूचा असो की विरोधातला, त्याला नोटिसा आणि अहवाल पीडीएफमध्येच वाचावे लागतात.

आता मला सांगा. कीटकनाशकाच्या बाटलीवर उत्पादनाची तारीख आणि एक्सपायरी असते, १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे. बियाण्याच्या पिशवीवर उगवण टक्के आणि वैधता असते, १९६६ चा बियाणे कायदा आहे. मी दहावी शिकलेला माणूस पिशवी उलटी करून ते वाचतो आणि मुदत गेलेली असेल तर दुकानदाराच्या तोंडावर मारतो. मग राऊटरच्या खोक्यावर "या मॉडेलला सुरक्षा दुरुस्ती अमुक तारखेपर्यंत मिळेल" ही एक ओळ का नाही? पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांनी एमआरपी आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापायला लावलं, एवढी एक ओळ वाढवायला किती शाई लागते? होत नाही म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच लागू झालाय. तिथे नेटला जोडायची घरगुती वस्तू विकणाऱ्या कंपनीला दुरुस्ती कधीपर्यंत देणार ते जाहीर करावं लागतं, आणि सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड टाकून विकायला बंदी आहे. तिथे विकणाऱ्या कंपन्यांपैकी कित्येक इथेही विकतात. तिथे सांगायचं आणि इथे गप्प बसायचं, हे मला पटत नाही.

कायदा येईपर्यंत आपल्या हातात काय ते लिहितो. राऊटर उलटा करा. मॉडेलच्या नावापुढे बारीक अक्षरात व्हर्जन असतं, व्ही १, व्ही २, व्ही ३. नाव एकच असलं तरी आतली चिप वेगळी असू शकते, तुमचं व्हर्जन आणि भारतासाठीचं फर्मवेअर हेच बघायचं. खरेदीच्या आधी दुकानातच फोनवर कंपनीच्या साईटवर जा, त्या मॉडेलला शेवटची दुरुस्ती कधी आली ते बघा. तीन वर्षांत काही आलं नसेल तर तो डबा नको, कितीही सूट असू दे. आमच्या पुतण्याने याच एका गोष्टीवर चार मॉडेलं बाद केली आणि शेवटी साध्यातला दोन अँटेनाचा घेतला.

टाकताना फर्मवेअर कंपनीच्या साईटवरूनच किंवा राऊटरच्या स्वतःच्या पानावरून, जे बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ वर उघडतं. यूट्यूबच्या खाली दिलेल्या लिंकवरून कधीच नाही. जुन्या सेटिंगची कॉपी ठेवा. फाईल हाताने टाकत असाल तर केबल लावून टाका. आणि काम चालू असताना लाईट गेली तर डबा कायमचा गप्प होऊ शकतो, म्हणून इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर लावूनच हात घाला. तौक्तेच्या वेळी, मे २०२१ ला, कित्येक ठिकाणी दिवसेंदिवस लाईट नव्हती, तेव्हापासून आपल्याकडे छोटे इन्व्हर्टर वाढलेत, त्यांचा हा एक उपयोग. पाच मिनिटं थांबा, मध्येच बटण दाबू नका. झालं की पासवर्ड बदला, वाय-फायचाही आणि राऊटरच्या पानाचाही, हे दोन वेगळे असतात. डब्ल्यूपीएस बंद करा, बाहेरून चालवायची सोय बंद करा.

नेटवाल्याने दिलेला फायबरचा डबा असेल तर बहुतेक वेळा त्याचं फर्मवेअर त्याच्याच हातात असतं, तुम्हाला बदलता येत नाही. मग त्याला लेखी विचारा, व्हॉट्सअॅपवर चालेल, या डब्याचं शेवटचं अपडेट कधी झालं. मी विचारलं तर मला उत्तर आलं, "काका, नेट चालू आहे ना?" मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर डबा बदलून मिळाला. फोन बिघडलाय की डबा अशी शंका असेल तर सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ पासून, तिथे फोन-कॉम्प्युटर तपासायची साधनं फुकट मिळतात.

ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी नावाचं मोकळं फर्मवेअर आहे, कंपनीने सोडलेल्या काही डब्यांना ते आणखी काही वर्षं जगवतं. पण फक्त ४ एमबी मेमरीचे जुने डबे त्यात आता बसत नाहीत, आणि चुकीचं व्हर्जन टाकलं तर वीट होते. घरात एक राऊटर चालू असताना दुसऱ्यावर शिका.

"दीड-दोन हजाराचा डबा, गेला तर नवा आणू" म्हणणारे आहेत. त्यांनी रोपांच्या ट्रेचा भाव, मजुरी आणि हुकलेला हंगाम मोजावा. "मोबाईलचं हॉटस्पॉट पुरे" म्हणणारेही आहेत. ज्याचा फोन तो बाजारात गेला की फॉगर पण बाजारात.

शेवटी कृषी अधिकारी, सल्लागार आणि कंट्रोलर विकणारे साहेब-ताई हे पान वाचतात म्हणून त्यांना दोन शब्द. तुम्ही सेन्सर सांगता, अॅप सांगता, आम्ही घेतो. पण विकताना तुम्हीच सांगा की नेट गेलं तर यंत्र काय करेल. नेट गेल्यावर गप्प बसणारा फॉगर मिरचीच्या रोपांवर लावू नका. आत स्वतःचा टायमर पाहिजे, नेट नसलं तरी दर अमुक मिनिटांनी तो चालला पाहिजे, आणि एक साधं हाताचं बटण पाहिजे. हे कोटेशनमध्ये लिहून द्या. बसवायला येणाऱ्या माणसाच्या पिशवीत थर्मामीटर असू द्या, त्याने राऊटरची जागा बघूनच सही करावी. कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, ठिबक आणि खताच्या कार्यक्रमात अर्धा तास याला दिला तर आम्ही वरोरहून चार जण नक्की येऊ.

त्या बागायतदाराचा नवा डबा आता ओटीवर आहे, पाच फुटांवर, फळीवर. जुना, "खराब झालेला" मी मागून आणला, नवा अडॅप्टर लावला, फर्मवेअर टाकलं. तो माझ्या शेडनेटच्या कॅमेऱ्यावर चालतोय, दोन अँटेनाचा आहे. ज्यांना मल्टीमीटरने अडॅप्टर कसा बघायचा ते जमत नाही त्यांनी रविवारी सकाळी अडॅप्टर घेऊन वाडीवर या, दहाच्या आत, नंतर मी फवारणीला जातो.